घरातला पियानो आणि त्याची निगा



या व्यासपीठावरून आपण राजकारण, अर्थकारण, इतिहास आणि अध्यात्म अशा भारदस्त विषयांवरची व्याख्याने ऐकत आला आहात. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदीच घरगुती आहे. चिटणीसांनी विषय कळवावयास सांगितले तेव्हा आम्ही भीत भीतच ‘पियानोची निगा’ असे लिहून दिले. त्यांनी तो मान्य केला, याचे कारण त्यांच्या स्वतःच्या घरी एक मुका पियानो आहे असे आम्हांस मागाहून समजले!

आपल्यापैकी किती जणांच्या घरी पियानो असेल? हात वर करावयास सांगून आम्ही कोणास संकोचात टाकणार नाही. हे वाद्य मुळात आपले नव्हे. मुंबईपुण्यातील पारशी आणि ख्रिस्ती घरांतून, गोव्यातील जुन्या वाड्यांतून आणि मिशनच्या शाळांतून ते प्रथम नांदले. गोव्यात तर पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी शिकवीत. तेथे तयार झालेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद सांभाळले. आता मराठी घरांतही परदेशी संगीतमंडळांच्या परीक्षांना बसणारी मुले दिसतात. कोणाकडे पियानो विकत येतो, कोणाकडे वारशाने येतो, तर कोणाकडे परदेशी जाणारे शेजारी जाताना तो सोडून जातात. येतो त्या दिवशी घरात उत्सव असतो. पाच वर्षांनी पाहावे तर त्यावर चादर, चादरीवर फुलदाणी आणि फुलदाणीशेजारी लग्नातला फोटो! आणखी दहा वर्षांनी भंगारवाला येतो, झाकण उघडून आतले बीड चाचपतो आणि वजनाचा भाव सांगतो. हे आम्ही आमच्या डोळ्यांनी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. यांपैकी बहुतेक वाद्ये म्हातारपणाने मेली नाहीत, ती हयगयीने मेली. म्हणून हा विषय.

ज्यांच्या घरी पियानो नाही त्यांनीही निराश होऊ नये. लाकूड, लोकर आणि पोलाद यांचे आपल्या ऋतूंशी कसे जमते आणि कसे बिनसते हे पियानोच्या निमित्ताने कळले, की तंबोरा, पेटी, सतार, फार काय, आजोबांचे शिसवी कपाटसुद्धा, यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

प्रथम हे यंत्र आहे तरी काय ते पाहू. इटलीतील फ्लॉरेन्स शहरी मेदिची घराण्याच्या पदरी बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाचा वाद्यकार होता. त्या घराण्याच्या वाद्यांच्या १७०० सालच्या यादीत त्याच्या नव्या वाद्याची नोंद सापडते. तोपर्यंतच्या पट्ट्यांच्या अनेक वाद्यांत तार पिसाच्या टोकाने छेडली जाई; पट्टी हळू दाबा की जोराने, आवाज जवळजवळ तेवढाच. क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडी मारून ती लगेच मागे घेण्याची युक्ती काढली. त्यामुळे बोटाच्या जोरावर आवाज लहानमोठा होऊ लागला. इटालियन भाषेत ‘पियानो’ म्हणजे हळू आणि ‘फोर्ते’ म्हणजे जोरात. हे दोन्ही करू शकणारे ते पियानोफोर्ते. आपण त्यातला ‘हळू’ तेवढा नावात ठेवला आणि ‘जोरात’ शेजाऱ्यांसाठी राखून ठेवला, असे म्हणावयास हरकत नाही. क्रिस्तोफोरीच्या हातचा १७२० सालचा पियानो आजही न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे.

आजच्या पियानोत अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असतात. तारा मात्र तेवढ्याच नसतात. खर्जातील अगदी तळाच्या स्वरांना तांबे गुंडाळलेली एकेक जाड तार, त्यावर काही स्वरांना दोन दोन आणि मधल्या व वरच्या स्वरांना तीन तीन, अशा मिळून सुमारे २३० तारा होतात. प्रत्येक तारेवर सुमारे ७५ ते ९० किलोंचा ताण असतो. म्हणजे एखादा धट्टाकट्टा मनुष्य प्रत्येक तारेला अष्टौप्रहर लोंबकळत आहे अशी कल्पना करा! सर्वांची बेरीज अठरा ते वीस टनांच्या घरात जाते. हा ताण पेलण्यासाठी आत बिडाची एकसंध चौकट असते; बोस्टनच्या अल्फिअस बॅबकॉकने १८२५ साली तिचे पेटंट घेतले. पियानो उचलताना हमालांचे श्वास फुलतात ते या बिडापायी.

आता हे ध्यानात घ्या, की एवढी लोखंडी चौकट असूनही आवाज देते ते लाकूडच. तारांच्या मागे स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाचा एक विस्तीर्ण, पातळ फळा असतो. त्याची जाडी जेमतेम आठनऊ मिलिमीटर. तंबोऱ्यात तबली जे काम करते तेच काम येथे हा फळा करतो; आपण त्याला नादफळा म्हणू. तो सपाट नसून तारांच्या बाजूस किंचित फुगीर असतो आणि त्या फुगवट्यानेच तारांचा दाब तोलून धरतो. शिवाय तारा ज्या पोलादी खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात त्या खुंट्या लाकडाच्याच जाड ठोकळ्यात केवळ घर्षणाने घट्ट बसलेल्या असतात. पट्ट्या लाकडाच्या, हातोड्यांचे दांडे लाकडाचे, हातोडीच्या तोंडावर लोकरीचा नमदा आणि जेथे जेथे दोन भाग एकमेकांवर फिरतात तेथे लोकरीच्या कापडाचे अस्तर. थोडक्यात, पियानो म्हणजे लोखंडाच्या सांगाड्यात बसविलेले लाकूड आणि लोकर. आणि लाकूड व लोकर या दोघांचेही दैवत एकच, ते म्हणजे हवेतील ओल.

येथे आपले ऋतू येतात. युरोपातल्या ज्या देशांत हे वाद्य वाढले तेथील कारागीर सांगतात, की खोलीतील आर्द्रता चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान असावी आणि मुख्य म्हणजे स्थिर असावी. आपल्या पुण्यात एप्रिलच्या भर दुपारी हवा इतकी कोरडी होते की आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्याही खाली जाते; जुलै-ऑगस्टात तीच ऐंशीच्या वर चढते. मुंबईत आणि कोकणपट्टीत कोरडेपणाचा त्रास कमी, पण ओलीचा मुक्काम लांब. पावसाळ्यात आपल्या घरी काय होते ते गृहिणींस विचारा. मीठ पाझरते, पापड सर्दावतात, न्हाणीघराचे दार फुगून बसते. तेच सारे पियानोच्या पोटात होत असते, फक्त ते दिसत नाही.

लाकडाचा एक स्वभाव आहे. ओलीने ते रेषांच्या लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रेषांच्या आडव्या अंगाने चांगले फुगते. नादफळा असा आडवा फुगला की त्याचा उंचवटा वाढतो, तारा अधिक ताणल्या जातात आणि स्वर चढतात. उन्हाळ्यात फळा आक्रसतो, उंचवटा बसतो आणि स्वर उतरतात. सगळे स्वर सारखेच चढले-उतरले असते तर तक्रार नव्हती; पण मधल्या सप्तकांतले जास्त हलतात, खर्जातले कमी. म्हणून जूनमध्ये सुरेल असलेला पियानो ऑगस्टमध्ये भांडखोर कुटुंबासारखा होतो. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे, पण एकाचे दुसऱ्याशी पटत नाही!

ओलीचे दुसरे काम अस्तरांवर चालते. पट्टी ज्या खिळ्यांभोवती हलते तेथले कापड फुगते आणि पट्टी दाबली की वर येण्याचे नाव घेत नाही. तिसरे काम गंजाचे. तारेवरचा गंज प्रथम आवाजातली चमक खातो आणि अखेर तारच तोडतो.

यावर पहिला उपाय फुकटचा आहे. तो म्हणजे जागा. पियानो बाहेरच्या भिंतीला, त्यातून पश्चिमेच्या म्हणजे पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीला कधीही लावू नये. तो आतल्या भिंतीशी, भिंतीपासून चार बोटे सुटा ठेवावा म्हणजे मागून हवा खेळते. खिडकीखाली नको, उन्हाच्या पट्ट्यात नको, स्वयंपाकघराच्या दाराशी नको. वातानुकूलन यंत्राचा झोत थेट अंगावर येईल अशा जागी तर मुळीच नको. ते यंत्र चोवीस तास चालणार असेल तर पियानोला सोयीचे. पण रात्री आठ तास गार आणि कोरडे, दिवसा सोळा तास दमट, असा रोजचा हिंदोळा त्याला ऋतूंपेक्षाही वाईट. कोपऱ्यात एक आर्द्रतामापक टांगावा. चारपाचशे रुपयांची ही वस्तू वर्षभर खरे बोलते. आपल्या अंगाला जाणवणारा दमटपणा आणि लाकडाला जाणवणारा दमटपणा यांत फरक असतो.

दुसरा उपाय उबेचा. उष्ण आणि दमट देशांतून जुनी वहिवाट अशी, की उभ्या पियानोच्या तळाच्या पोकळीत पावसाळाभर एक लहानसा दिवा जळत ठेवावयाचा. हवा दोनतीन अंशांनी तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते, एवढेच त्यामागचे शास्त्र. या दिव्याच्या बाबतीत आमच्या हातून एक अपराध घडला आहे. तो आपणांसमोर कबूल करावा आणि मगच पुढे जावे असे वाटते.

आमच्या वडिलांनी १९६१ साली मुंबईतील एका कुटुंबाकडून उभा पियानो घेतला आणि तो मालमोटारीतून पुण्यास आणला. ते स्वतः वाजवीत नसत; बहिणीने शिकावे ही हौस. दर वर्षी नोव्हेंबरात मुंबईहून एक वृद्ध गोवेकर कारागीर येत. आम्ही मुले त्यांना अंकल म्हणत असू. ते दिवसभर बसून सूर लावीत, दुपारी आमच्याकडेच वरणभात जेवीत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. जाताना दर खेपेस वडिलांना एक गोष्ट बजावीत, की पावसाळ्यात आत दिवा लावा आणि पाऊस संपला की तो आठवणीने काढा. वडील असेतोवर हा नेम चुकला नाही. गणपतीचे विसर्जन झाले, की दहापंधरा दिवसांनी ते दिवा काढून कागदात गुंडाळून कपाटात ठेवीत.

वडील गेले. पुढच्या पावसाळ्यात आम्ही दिवा लावला. तोही आमच्या शहाणपणाने पंचवीसऐवजी चाळीस वॅटचा. पट्ट्या चिकटेनाशा झाल्या, आम्ही स्वतःवर खूश झालो. विसर्जन झाले, दिवाळी झाली. दिवा काढावयाचा राहून गेला. बहीण सासरी गेलेली, वाजविणारे कोणी नाही, म्हणून त्या वर्षी कारागिरांनाही बोलाविले नाही. हिवाळ्याची कोरडी हवा, त्यावर उन्हाळा, आणि त्या सगळ्यात पोटात अखंड पेटलेला दिवा. एप्रिलात एके रात्री दिवाणखान्यातून काडकन आवाज झाला. आम्हांस वाटले, कपाटाची काच तडकली. सकाळी शोधाशोध केली. काही सापडले नाही. त्यानंतर मधला एक स्वर वाजविला, की पत्र्यावर माशी अडकावी तशी झणझण येऊ लागली.

नोव्हेंबरात अंकल आले. त्यांनी पियानो भिंतीपासून ओढला, पाठीमागे विजेरी धरली आणि आम्हांस वाकून पाहावयास सांगितले. नादफळ्याला रेषेच्या बाजूने हातभर चीर गेली होती आणि मागच्या दोन आडव्या पट्ट्या फळ्यापासून सुटल्या होत्या. मग त्यांनी खालची फळी काढली. दिवा अजून जळत होता. ते रागावले नाहीत. दिवा काढून त्यांनी आमच्या हातात दिला. तो गरम होता. वडिलांच्या नेमाचा अर्थ त्या क्षणी आम्हांस कळला. तो नेम दिवा लावण्याचा नव्हताच, दिवा काढण्याचा होता.

सुदैवाने चीर म्हणजे मृत्यू नव्हे. चिरलेला फळाही उत्तम वाजू शकतो. झणझण येते ती सुटलेल्या पट्टीमुळे. अंकलनी मागून सरस भरून त्या पट्ट्या आवळून बसविल्या. झणझण गेली. चीर आजही आहे आणि दर वर्षी आम्ही ती कोणास तरी मुद्दाम दाखवितो.

हा दाखला ऐकून उद्याच कोणी दिवा आणावयास निघेल, म्हणून सावध करतो. आजचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. त्यांचा येथे उपयोग नाही. आणि जुना तापणारा दिवा लाकडास वा कापडास टेकला तर आग लागेल. त्यापेक्षा याच कामासाठी बनविलेली कमी वॅटची उष्णतेची कांडी मिळते. तिला आर्द्रता पाहून आपोआप चालू-बंद होणारी कळ जोडता येते. ती जाणत्याकडून बसवून घ्यावी. जे यंत्र आपल्या विसरभोळेपणाला क्षमा करते ते थोडे महाग पडले तरी स्वस्तच समजावे.

आता सूर लावण्याविषयी. तंबोरा आपण रोज लावतो. खुंटी पिळली, मणी सरकवला, झाले. पियानोच्या बाबतीत हे धाडस कोणी करू नये. त्याच्या तीन तारा एकाच स्वरात आणणे म्हणजे तंबोऱ्याची जोडी मिळवण्यासारखेच आहे. एक तार सेकंदाला ४४० आणि दुसरी ४४२ कंपने देत असेल तर आवाजात दर सेकंदाला दोन आंदोलने ऐकू येतात. ही आंदोलने थांबेतो खुंटी फिरवावयाची. परंतु खुंटी फिरवावयाची म्हणजे केसभर. आणि ती लाकडात पिळवटून न राहता तेथेच स्थिरावली पाहिजे. ही कला वर्षानुवर्षांच्या सरावाने येते.

त्याहून अवघड भाग पुढेच आहे. आपण जाणते रसिक आहात, म्हणून सांगतो. षड्जापासून शुद्ध पंचमांनी चढत चढत बारा पायऱ्या गेलो, तर सात सप्तकांनंतरच्या षड्जावर पोचावयास हवे. प्रत्यक्षात आपण त्याच्या किंचित पुढे जातो. हा वाढावा निसर्गाचाच आहे; तो कोठेतरी जिरवावा लागतो. पियानोत तो बाराही पंचमांत सारखा वाटून दिलेला असतो. त्यामुळे पंचम जवळजवळ निर्दोष राहतो, पण गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा चांगला चढा लागतो; अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका. आपल्या कानांना तो खुपतो तो उगीच नाही. याच वाटणीच्या सुरांमुळे आणि मींड न निघण्यामुळे १९४० साली रेडिओवरून पेटीला हद्दपार व्हावे लागले आणि ती बंदी तीसएक वर्षे टिकली. आम्ही त्या वादात शिरत नाही. एवढेच म्हणतो, की पियानो लावणाऱ्याला प्रत्येक पंचम ठरलेल्या मापाने बेसूर करावयाचा असतो, आणि तो योग्य तितकाच बेसूर करणे हे सुरेल लावण्याहून कठीण आहे. हल्ली खिशातल्या फोनमध्ये कंपने मोजणारी साधने आली आहेत. कारागिराच्या हाती ती उपयोगी पडतात. पण खुंटी स्थिर बसविणारा हात त्या फोनमध्ये नसतो.

किती वेळा लावावा? नव्या पियानोच्या तारा ताणत असतात, म्हणून पहिल्या वर्षी तीनचार वेळा. पुढे वर्षातून दोनदा. एकदाच परवडत असेल तर आमच्या हवेत नोव्हेंबर उत्तम. पाऊस संपून महिनादीड महिना झालेला असतो आणि लाकूड आपली ओल सोडून स्थिर झालेले असते. जून महिन्यात, पहिल्या पावसाच्या तोंडावर, लावून घेणे म्हणजे वादळात केस विंचरण्यासारखे आहे.

‘कोणी वाजवीत नाही, मग लावावयाचा कशाला?’ असा प्रश्न आम्हांस नेहमी विचारतात. याचे उत्तर गणिताने देता येते. दहाबारा वर्षे न लावलेला पियानो सहज अर्ध्या स्वराने उतरतो. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून तो पुन्हा जागेवर आणावयाचा तर एकूण ताण सुमारे बारा टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ दोन टनांनी वाढवावा लागतो. एवढे ओझे जुन्या, गंजक्या तारांवर एका दिवसात टाकले की त्या तुटतात. आणि न तुटल्या तरी फळा दबत जाऊन आधी लावलेले सूर पुन्हा उतरतात. मग दोनतीन बैठका लागतात. दर वर्षीचा चुकविलेला खर्च असा एकदम व्याजासकट वसूल होतो.

आता किरकोळ वाटणाऱ्या, पण मुळीच किरकोळ नसणाऱ्या गोष्टी.

कसर आणि वाळवी हे पियानोचे घरचेच शत्रू. कसरीला लोकर हवी, अंधार हवा आणि शांतता हवी. बंद पियानोत तिन्ही मिळतात. उपाय म्हणजे दर दोन महिन्यांनी वरखालच्या फळ्या काढून उजेड आणि हवा द्यावी, कोपऱ्यातली धूळ मऊ कुंचल्याने झाडावी आणि नमद्यावर बारीक भोके किंवा भुगा दिसतो का पाहावे. पट्ट्यांखाली उंदीर घर करतात हेही खोटे नव्हे. तेथे त्यांना लोकरीची गादी आयती मिळते. खाऊ खात वाजविणाऱ्या मुलांचे चिवड्याचे कण तेथे पडले, की पाहुण्यांना जेवणाचीही सोय होते.

पट्ट्या पुसावयाच्या त्या घट्ट पिळलेल्या किंचित ओल्या फडक्याने, आणि लगेच कोरड्याने. पांढऱ्यांना आणि काळ्यांना फडकी वेगळी. स्पिरिट लावू नये. जुन्या पियानोच्या पट्ट्या हस्तिदंताने मढविलेल्या असतात. हस्तिदंत अंधारात पिवळा पडतो, म्हणून दिवसाकाठी थोडा वेळ झाकण उघडे ठेवावे. हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार थांबविण्याचा निर्णय १९८९ साली झाला आणि तो योग्यच झाला. म्हणून आहेत त्या पट्ट्या जपाव्या, एखादी निघाली तर तुकडा टाकू नये.

पियानोच्या माथ्यावर काहीही ठेवू नये. फुलदाणी सांडते, फोटोची चौकट विशिष्ट स्वराला थरथरते आणि कारागीर दोन तास आत दोष शोधीत बसतो. दिवाळीची पणती तर नकोच नको.

आणि तेल! चिकटलेली पट्टी दिसली की आपल्याकडे हात शिवणयंत्राच्या तेलाकडे जातो. श्रोतेहो, पियानोत जेथे जेथे हालचाल आहे तेथे धातूवर धातू नाही, लोकर आहे. तेल पडले की लोकर ते शोषते, धूळ धरते आणि कायमची जड होते. तेच तेल खुंट्यांच्या लाकडात उतरले, तर ज्या घर्षणावर वीस टनांचा ताण उभा आहे ते घर्षणच जाते. मग सूर लावला तर तो तासभरही टिकत नाही. तेलाची बाटली पियानो असलेल्या खोलीत आणू नये, इतके सांगून थांबतो.

आता एक अप्रिय गोष्ट. व्हायोलिन जुने होत जाते तसे मोल चढते, म्हणून पियानोचेही तसेच असेल असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. पियानो हे ताणाखाली जगणारे यंत्र आहे, ते झिजते. कोणी फुकट देऊ केला तरी घेण्यापूर्वी जाणत्याला दाखवावा. खुंट्या घट्ट आहेत का, बिडाच्या चौकटीला तडा नाही ना, तारा गंजल्या आहेत का आणि लाकडाला वाळवी लागलेली नाही ना, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मे कळते. खुंट्या सैल आणि चौकट तडकलेली असेल तर त्या वाद्याला नमस्कार करून निरोप द्यावा. त्यात पाप नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी, शेजार झोपल्यावर सराव करणाऱ्यांनी आणि वर्षाकाठी कारागीर बोलाविणे ज्यांना शक्य नाही त्यांनी विजेवरचा पियानो घेतला तर तोही शहाणपणाच आहे. त्याला ऋतू बाधत नाहीत. पण ज्याने लाकडाचा पियानो घरात घेतला त्याने त्याच्याबरोबर त्याचे ऋतूही घरात घेतले, हे त्याने विसरू नये.

शेवटी, या सर्वांहून मोठा उपाय सांगतो. पियानो वाजवा. चांगला वाजविता येत नसला तरी वाजवा. रोज दहा मिनिटे पट्ट्या हलल्या तर अस्तरे मोकळी राहतात, कसरीला स्वस्थता मिळत नाही, आणि मुख्य म्हणजे बिघाड होताच तो कानावर येतो. आमच्या घरातली चीर दिव्याने पडली हे खरे. पण कोणी वाजवीत असते तर दिवा महिनाभरात आठवला असता.

आता आमची एक विनंती आहे आणि तिच्यासाठीच आम्ही हे व्यासपीठ मागितले, असे म्हटले तरी चालेल. अंकल आता नाहीत. त्यांच्यासारखे कारागीर थोडे उरले आहेत. एका घरासाठी त्यांना लांबून बोलाविणे परवडत नाही, म्हणून लोक बोलावीत नाहीत, आणि बोलावणी नाहीत म्हणून नवे कोणी हे काम शिकत नाही. हे चक्र आपणच तोडू शकतो. ज्यांच्या घरी पियानो आहे त्यांनी आज मांडवाबाहेर पडताना चिटणीसांकडे आपली नावे द्यावीत. दहाबारा घरे मिळाली तरी नोव्हेंबरात एका कारागिराला आठवडाभर येथे ठेवता येईल. प्रवासखर्च वाटून घेता येईल. आणि गावात जे पेटी दुरुस्त करतात, तंबोऱ्यांना जवारी काढून देतात, त्यांच्यापैकी एखाद्या तरुणाने त्या आठवड्यात त्यांच्याशेजारी नुसते बसावे. आंदोलने ऐकणारा कान त्यांच्यापाशी आहेच. हात शिकावयाचा आहे. त्याच्या आठवड्याच्या मजुरीचा वाटा आम्ही उचलू.

नोव्हेंबराला अजून सहा महिने आहेत. तोवर एवढेच करा. घरी गेल्यावर पियानोवरची फुलदाणी उतरवा, चादर बाजूला करा, झाकण उघडा आणि मधला एक स्वर वाजवून ऐका. जो आवाज येईल त्यावरून आपण गेल्या दहा वर्षांत काय केले आणि काय केले नाही ते कळेल.